दुरुस्ती-अवस्थेतील कळफलक : एका मूक गृहीताची चिकित्सा

एखादी यंत्रव्यवस्था कोणती भाषा स्वाभाविक मानते, हे ती सुरळीत चालू असताना सहसा ध्यानात येत नाही. संगणकाचा पडदा मराठीत बोलतो, महिन्यांची व वारांची नावे मराठीत लिहितो, देवनागरीत टंकलेखन करू देतो; त्यामुळे यंत्राने आपली भाषा आत्मसात केली आहे असा आपला समज होतो. परंतु तोच संगणक काही बिघाडामुळे नेहमीच्या मार्गाने सुरू होईनासा झाला आणि दुरुस्तीसाठी त्याला आडवाटेने जागे करावे लागले, म्हणजे हा सारा साज गळून पडतो व काळ्या पडद्यावर एक ओळ आणि लुकलुकणारी खूण एवढेच उरते. या अवस्थेत कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे याचा निर्णय यंत्राने आधीच घेतलेला असतो. बहुतेक वेळा तो अमेरिकन इंग्रजी मांडणीच्या बाजूचा असतो आणि तसा तो घेतला आहे हे यंत्र कोणासही सांगत नाही. या न सांगण्याची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी परिभाषेचा खुलासा करणे इष्ट होईल. संगणकाच्या व्यवहारात ज्यास 'डिफॉल्ट' म्हणतात, त्यास येथे 'गृहीत' म्हटले आहे. 'मांडणी' म्हणजे कळफलकाच्या कोणत्या स्थानास कोणते अक्षर, हे ठरविणारी सारणी. 'कळफलक' म्हणजे हाताखालची वस्तू. मांडणी ही तिच्यावर छापलेली नसून संगणकाच्या आज्ञावलीत असते. कळेवर छापलेले अक्षर ही केवळ एक सूचना होय. ती खरी ठरेल किंवा नाही, हे सारणीवर अवलंबून असते. टंकलेखनयंत्रात असा भेद संभवतच नव्हता. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय टंकलेखनयंत्र बाजारात आणले, त्यात किंवा त्याहून जुन्या रेमिंग्टन यंत्रात कळ आणि तिचा ठसा एकाच दांडीने जोडलेले असत. कळेवर 'क' असेल तर कागदावर 'क'च उमटे, आणि चूक झालीच तर ती तत्क्षणी डोळ्यांपुढे येई. संगणकाने ही दांडी तोडली. तोडल्यामुळे मोठाच लाभ झाला, कारण एकाच फलकावर शंभर लिपी बसविता आल्या. मात्र त्यामुळे कळेवरचे अक्षर व संगणकाला मिळालेले अक्षर यांचा संबंध प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने जुळवून द्यावा लागतो, आणि तो जुळविणारा दुरुस्तीच्या वेळी हजर असतोच असे नाही.

ज्या प्रसंगाने हा विषय प्रस्तुत लेखकाच्या मनात घर केले, तो थोडक्यात सांगतो. आमच्या परिचयातील एका संशोधकाचा संगणक जर्मनीतील वास्तव्यात घेतलेला होता; अर्थात त्याचा कळफलक जर्मन होता. उत्तर कोकणातील बोलींची तीन हंगामांची ध्वनिमुद्रणे त्यात साठविलेली होती. शेवटच्या हंगामाची प्रत अन्यत्र ठेवायची राहून गेली होती, आणि त्या हंगामातील एक वृद्ध निवेदिका दरम्यान निवर्तली होती. डिस्क कूटबद्ध होती. परवलीचा शब्द दिल्यावाचून तीतील काहीही वाचता येत नसे. एका अर्धवट राहिलेल्या अद्ययावतीकरणानंतर यंत्र सुरू होईना, म्हणून दुसऱ्या एका छोट्या डिस्कवरून लिनक्सची दुरुस्ती-प्रणाली चालू करण्यात आली. तिने परवलीचा शब्द मागितला. संशोधकाने तो दिला. तो नाकारला गेला. असे दिवसभर चालले. दुसऱ्या दिवशी, डिस्क बिघडली असावी असे एक मत पडले, आणि खुद्द संशोधकाला आपणच शब्द विसरलो अशी शंका येऊ लागली. जो शब्द चार वर्षे रोज लिहिला त्याविषयी माणसाला अशी शंका यावी, हीच या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक गोष्ट होती.

तो परवलीचा शब्द आता बदललेला असल्याने येथे सांगण्यास हरकत नाही. अर्थविचारातील 'वाच्य-लक्ष्य' ही जोडी त्याने रोमन अक्षरांत, मधे संयोगचिन्ह घालून लिहिली होती. एकूण चौदा चिन्हे; त्यांत दोनदा 'वाय'. जर्मन कळफलकावर 'वाय' आणि 'झेड' यांची स्थाने अमेरिकन फलकाच्या नेमकी उलट असतात, आणि पूर्णविरामाच्या उजवीकडे, अमेरिकन मांडणीत जेथे तिरपी रेघ असते तेथे, जर्मन मांडणीत संयोगचिन्ह असते. त्यामुळे संशोधकाने निर्दोषपणे 'वाच्य-लक्ष्य' लिहिले आणि यंत्राला मिळाले ते 'वाच्झ/लक्ष्झ'. पडद्यावर चौदा ठिपके दिसले असते तरी तेही बरोबरच दिसले असते. येथे तर ठिपकेही उमटत नव्हते. चौदांपैकी अकरा चिन्हे जुळत होती. पण कूटबद्धतेच्या गणितात जवळपासचे उत्तर असे काही नसते. एक चिन्ह चुकले काय आणि चौदाही चुकली काय, नकाराची ओळ तीच.

आता यंत्राच्या अंतरंगात काय घडते ते पाहू. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवीत नाही, तो स्थानाचा क्रमांक पाठवितो. यूएसबी पद्धतीच्या कळफलकांसाठी या क्रमांकांची एक प्रमाणित सारणी आहे. तीत षोडशमान पद्धतीने ०४ हा क्रमांक 'ए' या अक्षराच्या नावे नोंदलेला आहे आणि १४ हा 'क्यू'च्या नावे. परंतु फ्रेंच कळफलकावर 'ए' छापलेली कळ दाबली असता १४ हा क्रमांक जातो, म्हणजे सारणीच्या भाषेत 'क्यू'. सारणीत अक्षर म्हणून नोंदलेली गोष्ट वस्तुतः स्थान आहे. तिचे नाव अमेरिकन मांडणीवरून ठेवले, इतकेच. प्रत्येक भाषेसाठी नेमके संबंध देणे व्यवहार्य नाही, तेव्हा जवळात जवळचे स्थान धरावे, अशी कबुली ही सारणी स्वतःच देते. नाव आणि नामी यांतील हा गोंधळ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा वाटू नये.

तथापि त्याच सारणीत याहून बोधप्रद अशा दोन नोंदी आहेत. युरोपीय फलकावर, डाव्या शिफ्ट कळेच्या लगत, एक जादा कळ असते. अमेरिकन फलकावर ती नसते. तसेच एन्टर कळेजवळचे एक स्थान युरोपात वेगळे आहे. या दोन स्थानांना सारणीने जी नावे दिली आहेत त्यांत 'नॉन-यूएस', म्हणजे 'अमेरिकेतर', हा शब्द आहे. जर्मन किंवा फ्रेंच माणसाला ही कळ नित्याची. तिला त्याच्या भाषेवरून नाव नाही, ती केवळ 'अमेरिकन नव्हे' अशी. ही नोंद एखाद्या अभियंत्याने सोयीसाठी केली असणार, तीत उद्दामपणा शोधण्याचे कारण नाही. परंतु त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी १९३० च्या दशकात मांडलेला चिन्हित-अचिन्हित भेद याहून स्वच्छ उदाहरणाने शिकविता येईल असे वाटत नाही. 'घोडा' म्हणताना आपण कधी नर सुचवितो, कधी केवळ जात. 'घोडी' म्हणताना मात्र मादीच. अचिन्हित पदाला असे दोन अर्थ असतात : एक विशिष्ट, दुसरा सामान्य. दुरुस्ती-प्रणालीत 'कळफलक' या पदाचे हेच झाले आहे. त्याचा सामान्य अर्थ 'कोणताही कळफलक' आणि विशिष्ट अर्थ 'अमेरिकन कळफलक'. प्रणाली बोलते पहिल्या अर्थाने आणि वागते दुसऱ्या अर्थाने.

पाणिनीय परंपरेच्या परिभाषेत हे अधिक नेमकेपणाने मांडता येते. अमेरिकन मांडणी हा उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम. जर्मन, फ्रेंच वा मराठी मांडणी हा अपवाद. अपवाद उत्सर्गाहून बलवत्तर असतो, आणि चालू संगणकात तो तसा असतोही. वापरणाऱ्याने निवडलेली मांडणी गृहीत मांडणीला बाजूला सारते. मग दुरुस्तीच्या वेळी अपवादाचे बळ जाते कोठे? येथे 'असिद्ध' ही संज्ञा उपयोगी पडते. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत सांगितलेले कार्य त्याआधीच्या सूत्रांच्या दृष्टीने जणू झालेलेच नसते. संगणक जागा होतानाही असाच एक क्रम असतो. प्रथम आरंभक, मग कर्नल आणि त्याच्या सोबतची छोटी प्रारंभिक प्रतिमा, मग कुलूप उघडून मुख्य डिस्क, आणि शेवटी त्या डिस्कवरील आपल्या आवडीनिवडी. मांडणीची निवड मुख्य डिस्कवर नोंदलेली असते. परंतु परवलीचा शब्द मागितला जातो तो त्या आधीच्या पायरीवर. त्या पायरीच्या दृष्टीने आपली निवड असिद्ध आहे. पेटीच्या किल्लीची खूण पेटीतच ठेवल्यासारखा हा प्रकार आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो अनेकांनी योजिलाही आहे. डेबियन प्रणालीत प्रारंभिक प्रतिमेतच मांडणीची सारणी घालण्याची सोय आहे. आर्च लिनक्समध्ये ती प्रतिमा रचताना मांडणीचा टप्पा कुलूप उघडण्याच्या टप्प्याआधी लिहावा लागतो; क्रम चुकला की सारणी प्रतिमेत असूनही उशिरा लागू होते आणि शब्द नाकारला जातो. सूत्रांचा पौर्वापर्यक्रम चुकला तर सिद्ध रूप बिघडते, हे ज्यांनी व्याकरणात अनुभवले आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. ग्रब या आरंभकाची गोष्ट याहून बिकट आहे. आरंभाचा भागही कूटबद्ध केलेला असेल तर तो आपली कोणतीही जुळणी वाचण्यापूर्वीच परवलीचा शब्द मागतो, आणि तेव्हा त्याच्यापाशी अमेरिकन मांडणीवाचून दुसरे काही नसते. शिवाय, वर सांगितलेल्या प्रसंगाप्रमाणे बाहेरच्या डिस्कवरून दुरुस्ती-प्रणाली चालू केली असता मूळ यंत्रात केलेली सर्व व्यवस्था निरुपयोगी ठरते, कारण ही प्रणाली त्या घरात पाहुणी असते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दुरुस्ती-प्रणालीला कोणते तरी गृहीत धरावेच लागणार. तिला माणसाची भाषा अंतर्ज्ञानाने कशी कळावी? हा आक्षेप रास्त आहे आणि प्रस्तुत लेखकाला तो मान्य आहे. उत्सर्गावाचून शास्त्र चालत नाही. अमेरिकन मांडणी गृहीत धरण्यामागे ऐतिहासिक कारणेही आहेत : आज्ञावलींच्या भाषा इंग्रजीवर उभ्या राहिल्या, त्यांची चिन्हे अमेरिकन संकेतसंचातून आली, आणि तो फलक जगभर सर्वांत सहज उपलब्ध होता. माझा आक्षेप गृहीतावर नाही. तो गृहीताच्या मौनावर आहे, आणि विशेषतः हे मौन ज्या जागी पाळले जाते त्या जागेवर.

कारण जागेवर बरेच अवलंबून आहे. हीच चूक उघड्या ओळीत झाली तर ती निरुपद्रवी असते. समजा, जर्मन कळफलकावर एखाद्याने डिस्क तपासण्याची आज्ञा लिहिली. संयोगचिन्हाच्या जागी तिरपी रेघ उमटते आणि तिरप्या रेघेच्या जागी '&' हे चिन्ह. लिहिणारा दचकतो, पुसतो, हाताखालच्या फलकाकडे पाहतो, आणि दोनचार मिनिटांत यंत्र कोणत्या मांडणीने बोलते आहे हे ओळखतो. फ्रेंच माणसाची अडचण याहून मोठी असते, कारण त्याच्या फलकावर आकडे शिफ्ट कळेसह लिहावे लागतात. त्याने '१९४७' या अर्थी चार कळा दाबल्या तर अमेरिकन मांडणीत '!($&' असे उमटते. पण उमटते, म्हणूनच कळते. परवलीच्या शब्दाच्या ओळीत मात्र काहीच दिसू नये असा नियम आहे, आणि तो योग्यही आहे. तेव्हा ज्या एकाच जागी चूक अदृश्य राहणार हे ठाऊक आहे, त्याच जागी मांडणीचे नाव सांगण्याची जबाबदारी सर्वाधिक; आणि नेमके तेथेच ते सांगितले जात नाही.

याहून गंभीर प्रकार असा की दुरुस्तीच्या अवस्थेत झालेली चूक दुरुस्तीपुरती राहत नाही. परवलीचा शब्द विसरलेला माणूस दुरुस्ती-प्रणालीतून नवा शब्द लिहून ठेवतो. तो शब्द अमेरिकन मांडणीने लिहिला जातो, यंत्र तो पुन्हा एकदा लिहायला सांगते, तो पुन्हा त्याच मांडणीने लिहिला जातो, दोन्ही जुळतात, यंत्र समाधान पावते. पुढे संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, जर्मन मांडणी लागू होते, आणि आता खरा शब्द खोटा ठरतो. दोनदा लिहवून घेण्याची ही तपासणी हाताच्या चुकीसाठी योजलेली आहे; सारणीच्या चुकीपुढे ती आंधळी आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा दोष परिचित असेल. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालले, त्यात सुकथनकरांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्या पद्धतीचा एक पायाच असा की एकाच सदोष मूळ प्रतीवरून उतरलेल्या दोन पोथ्यांचे मतैक्य हा पाठ शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. त्या दोघी एका घराण्याच्या आहेत, इतकेच त्यावरून सिद्ध होते. दोनदा लिहिलेल्या परवलीच्या शब्दाने नेमके इतकेच सिद्ध होते.

मात्र याच न्यायाने या चुकीत एक दिलासाही आहे. लेखनिकाच्या डुलकीने झालेला पाठभेद सावरणे कठीण. नियमबद्ध आदेशाने झालेला भेद उलट नियमाने सावरता येतो. आमच्या संशोधकाचा प्रश्न असाच सुटला. कोणीतरी त्याला तो शब्द साध्या, उघड्या ओळीत लिहून पाहण्यास सांगितले. (असे करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने गैर आहे, आणि काम होताच शब्द बदलावा हे सांगितले पाहिजे.) 'झेड' दिसताच सर्व उलगडले. मग त्याने 'वाय'साठी 'झेड' छापलेली कळ दाबली, संयोगचिन्हासाठी शून्याच्या उजवीकडची, जर्मन भाषेतील विशिष्ट 'स'ची कळ दाबली, आणि डिस्क उघडली. अर्थात हा उलट नियम नेहमीच पुरेसा पडत नाही. परवलीच्या शब्दात फ्रेंच आघातयुक्त 'ए' असेल तर अमेरिकन मांडणीत त्याला स्थानच नाही. तेथे सारणी बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

गृहीताविषयी यंत्राने बोलायचे ठरविले तर कसे बोलावे, याचे काही नमुने उपलब्ध आहेत आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. विंडोज प्रणालीचे दुरुस्ती-माध्यम प्रथम कळफलकाची मांडणी निवडण्यास सांगते. हे मौनापेक्षा निःसंशय चांगले. परंतु ते विचारते नावाने : देशांच्या व भाषांच्या नावांची यादी पुढे येते, इंग्रजी आवृत्तीत 'यूएस' सर्वांत वर, आणि बाकीच्यांसाठी पुढची पाने उलटावी लागतात. निवड बरोबर झाली का हे पाहण्यासाठी एक मोकळी ओळ देखील तेथे नसते. घाईत असलेला माणूस पहिले नाव निवडून पुढे जातो. ब्रिटनमध्ये शिकणारा मराठी विद्यार्थी 'इंग्रजी ती इंग्रजीच' असे समजून तसे करतो, आणि त्याच्या शब्दातील '@' अवतरणचिन्ह होऊन बसते, कारण ब्रिटिश व अमेरिकन फलकांत या दोन चिन्हांची अदलाबदल आहे.

याउलट डेबियन व उबुंटू यांच्या स्थापना-प्रक्रियेत एक पर्याय असा होता की यंत्र काही अक्षरे दाखवून त्यांपैकी एक कळ दाबायला सांगे, मग अमुक अक्षर तुमच्या फलकावर आहे का असे विचारी, आणि उत्तरांवरून मांडणी ओळखी. ॲपलच्या संगणकालाही अनोळखी कळफलक जोडला असता तो डाव्या शिफ्ट कळेच्या उजवीकडची कळ दाबण्यास सांगतो आणि तेवढ्यावरून फलकाचा प्रकार ठरवितो. क्षेत्रीय भाषाभ्यास केलेल्या वाचकांना यातील मर्म सांगावे लागू नये. निवेदकाला 'तुमची बोली कोणती?' असे विचारले तर तो जातीचे, गावाचे वा तालुक्याचे नाव सांगतो. त्याच्याकडून रूप काढून घेतले तर बोली आपोआप समोर येते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीतून उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा नमुना मागविला गेला. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठीचा सातवा खंड आजही उपयोगी पडतो तो त्यातील बोलींच्या नावांमुळे नव्हे, या नमुन्यांमुळे. नाव विचारणारी प्रणाली आणि नमुना मागणारी प्रणाली यांत हाच फरक आहे.

तिसरा मार्ग म्हणजे वादग्रस्त स्थाने टाळणे. बिटलॉकर या कूटबद्धतेच्या सोयीत आणीबाणीची किल्ली अठ्ठेचाळीस अंकांची असते, सहा-सहांचे आठ गट. आरंभीच्या अवस्थेत हे अंक एफ-१ ते एफ-१० या कळांनी लिहिता येतात, कारण या कळांची स्थाने सर्व भाषांच्या फलकांवर सारखी असतात, तर आकड्यांच्या कळांविषयी तशी खात्री देता येत नाही. शिवाय प्रत्येक गट अकराने निःशेष भागला जातो, त्यामुळे गट चुकला तर नेमका कोणता चुकला हे किल्ली उघड न करता सांगता येते. यूबिको कंपनीने आपल्या यूबिकी या उपकरणासाठी असाच विचार करून सोळा रोमन अक्षरे निवडली : सी, बी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल, एन, आर, टी, यू आणि व्ही. अमेरिकन, जर्मन व फ्रेंच या तिन्ही मांडण्यांत ही अक्षरे एकाच स्थानी आहेत. भांडखोर ए, क्यू, झेड, डब्ल्यू, वाय व एम यांना वगळले आहे. बोलींचा तुलनात्मक अभ्यास करताना आपण समान शब्दसंग्रह शोधतो, त्याचीच ही सोळा अक्षरी आवृत्ती.

या साऱ्यात मराठीचे स्थान कोणते, असा प्रश्न येथवर आलेला वाचक विचारील. वरवर पाहता, कोणतेच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या संगणकांचे कळफलक जवळजवळ सर्वस्वी अमेरिकन मांडणीचे असतात. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट मांडणी ध्वनिशास्त्रीय दृष्ट्या सुविहित आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. 'के'च्या स्थानी 'क', त्याच स्थानी शिफ्टसह 'ख'. परंतु ती अमेरिकन फलकावर पांघरलेली शाल आहे. दुरुस्तीच्या वेळी ती गळून पडली तरी खालचा फलक व गृहीत मांडणी यांचे जुळतेच. म्हणून फ्रेंच किंवा जर्मन माणसाची तक्रार मराठी माणसाकडून येत नाही.

ही तक्रार न येणे हे आरोग्याचे लक्षण मानणे चुकीचे होईल. मराठी माणूस देवनागरीत परवलीचा शब्द ठेवीतच नाही. आपल्या संशोधकानेही 'वाच्य-लक्ष्य' रोमन लिपीतच लिहिले होते, आणि त्यात त्याला काही सोडले असे वाटले नव्हते. ज्या थरावर फ्रेंच मांडणी चुकीची लागू होते त्या थरावर मराठी पोहोचलेलीच नाही. यूएसबी कळफलकांच्या प्रमाणग्रंथात कळफलकाने आपला देश वा भाषा कळवावी यासाठी एक क्रमांक राखून ठेवला आहे. तो वापरला गेला तर अनेक प्रश्न सुटतील, पण बहुतेक यंत्रसामग्री भाषानिबद्ध नसते म्हणून तो शून्य असावा असे तो ग्रंथच म्हणतो, आणि बहुधा तो शून्यच असतो. त्या यादीत एक ते पस्तीस क्रमांक दिले आहेत. तुर्की भाषेला दोन मांडण्यांसाठी दोन क्रमांक आहेत, स्वित्झर्लंडला तीन, चौतिसावा क्रमांक युगोस्लाव्हियाचा आहे, जे राष्ट्र आज अस्तित्वात नाही. भारतीय लिपींपैकी एकीचाही क्रमांक त्यात नाही.

आणि ही उणीव केवळ कागदावरची नाही, हे त्याच प्रसंगाच्या उत्तरार्धात दिसून आले. डिस्क उघडल्यावर ध्वनिमुद्रणे दुसरीकडे उतरवून घ्यायची होती. संशोधकाने फायलींना निवेदकांच्या गावांची नावे देवनागरीत दिली होती. लिनक्सच्या मूळ मजकुरी पडद्याला फार तर पाचशे बारा चिन्हाकृती ठाऊक असतात आणि जोडाक्षरे घडविण्याची शक्ती त्यात नसते. त्यामुळे सारी नावे चौकटींच्या रांगा होऊन पडद्यावर आली. कोणते गाव कोणते हे वाचता येईना. आणि वाचता आले असते तरी लिहिता आले नसते, कारण तेथे देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती. शेवटी नावाऐवजी तारकाचिन्ह देऊन, म्हणजे 'जे काही असेल ते सर्व', अशा आज्ञेने ती पुस्तिका उचलावी लागली. मुद्रणे सुखरूप मिळाली. निवर्तलेल्या निवेदिकेचे मुद्रण त्यांतील कोणते, हे त्या पडद्यावर कोणालाच सांगता आले नाही. ते ओळखायला प्रत ग्रंथालयातील दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडावी लागली.